गर्नसीची लिली: जहाज, जनरल आणि जावई

नोव्हेंबर लागला की इंग्लंडातल्या बागा उजाड व्हायला लागतात. पहिल्याच हिमानं डेलिया काळ्या पडतात. अशात दक्षिणेकडच्या एखाद्या भिंतीच्या उबेला मात्र भडक गुलाबी फुलांचे घोस उभे असतात. दांड्याला पान एकही नाही, पाकळ्या मागे वळलेल्या, कडांना बारीक चुण्या. ही नेरिनी, आपल्या सुदर्शनच्या कुळातली. थंडी सोसणारी ही गुलाबी जात नेरिनी बोडेनाय. दक्षिण आफ्रिकेत भूमापन खात्यात असलेल्या कॉर्निश-बोडन यांनी तिचे कांदे डेव्हनमध्ये आईकडे पाठवले आणि १९०४ मध्ये तिचं बारसं झालं. तिच्याविषयी वाद नाही. वाद आहे तो तिच्या थोरल्या, लाल बहिणीविषयी: नेरिनी सार्निएन्सिस, उर्फ गर्नसीची लिली.

सार्निया म्हणजे इंग्लिश खाडीतलं गर्नसी बेट. फूल मात्र केप टाउनच्या टेबल माउंटनवरचं. मग बेटाचं नाव त्याला चिकटलं कसं? ऑक्सफर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट मॉरिसन यांनी १६८० मध्ये छापलेली कथा अशी: जपानहून परतणारं जहाज गर्नसीजवळ फुटलं, कांदे वाळूत वाहून आले, रुजले आणि फुलले. पुढे या कथेत आणखी एक तपशील येतो, की ती फुलं आधी हेरली गर्नसीचे गव्हर्नर हॅटन यांच्या मुलानं, आणि त्यानंच कांदे मित्रांना वाटले.

कथा झकास, पण गळकी. हेच फूल १६३४ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला मोरिनच्या बागेत फुललं होतं आणि पुढच्याच वर्षी कोर्नू यांनी ‘जपानी नार्सिसस’ म्हणून त्याचं वर्णन छापलं. म्हणजे त्याला युरोपात यायला गर्नसीच्या वाळूची गरज नव्हती. जपानचं लेबलही खोटंच. पूर्वेच्या जहाजातून उतरलं ते पूर्वेचं, असा तेव्हाचा हिशोब. त्यात जपानात शरदात फुलणारी लाल लायकोरिस दिसायला हुबेहूब अशीच, त्यामुळे घोळ टिकला. डचांनी केपला वसाहत केली १६५२ मध्ये, पण त्याआधीही जहाजं तिथे पाण्यासाठी थांबत. परतीचे डच तांडे साधारण मार्च-एप्रिलमध्ये तिथे पोचत, आणि दक्षिण गोलार्धातल्या शरदात डोंगरावर नेरिनी फुलते नेमकी तेव्हाच. पाणी भरायला उतरलेल्या कुणा खलाशानं कांदे उपटून खिशात टाकले असणार. माझ्या मते इथवर शंकेला जागा नाही.

आता गर्नसी. क्रॉमवेलचा सेनानी जॉन लँबर्ट हा ट्युलिपवेडा. विंबल्डनच्या बागेवरून विरोधकांनी पत्त्यांच्या कॅटवर त्याची ‘सोनेरी ट्युलिपचा सरदार’ म्हणून टिंगल केली होती. १६५५ मध्ये सर थॉमस हॅनमर यांनी स्वतःच्या नावाचा नामी ट्युलिप त्याला भेट दिला होता. राजेशाही परतली, जनरल राजद्रोही ठरला आणि त्याची रवानगी गर्नसीच्या कॅसल कॉर्नेटमध्ये झाली. १६७० पर्यंत तो तिथेच कैदेत होता. लिली त्यानंच तिथे लावली, असं मानणारा एक पक्ष आहे. मी त्याच पक्षाचा, आणि कारण निव्वळ सोयरिकीचं आहे. लँबर्टच्या मुलीनं, मेरीनं, गुपचूप लग्न केलं ते गव्हर्नरच्या मुलाशी, चार्ल्स हॅटनशी. हा चार्ल्स वनस्पतींचा नादी आणि मॉरिसनचा स्नेही. म्हणजे वाळूत फूल ‘सापडलं’ ते माळी-कैद्याच्या जावयाला! सासरा राजद्रोही, बाप त्याचाच जेलर. अशा माणसाला ‘कांदे सासऱ्यांनी दिले’ म्हणण्यापेक्षा ‘समुद्रानं दिले’ म्हणणं किती सोपं!

लँबर्टला कांदे मिळाले कुठून, असं विचारणारे विचारतीलच. मोरिनच्या बागेत इंग्रज शौकिनांची ये-जा होती. जॉन एव्हलिन १६४४ मध्ये ती पाहून आला होता. ट्युलिपमागे वेडा झालेला माणूस ‘जपानी’ नवलाई सोडेल, हे मला तरी पटत नाही.

उलट बाजूनं म्हणतात की गर्नसीजवळ जहाजं फुटतच असत. फुटोत बापडी. पण नेरिनीचा कांदा मान उघडी ठेवून उन्हात भाजत, चांगला निचरा होणाऱ्या जागी राहणारा. खाऱ्या पाण्यात घुसळून निघाल्यावर तो कुणी न लावता फुलेल कसा?

१७२५ मध्ये लंडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स डग्लस यांनी या एका फुलावर अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे फ्रान्सिस मॅसन यांनी टेबल माउंटनवर तिचं खरं घर शोधलं. तरी १८२० मध्ये विल्यम हर्बर्ट यांनी या गटाला ‘नेरिनी’ हे नाव दिलं ते ग्रीक समुद्रकन्यांवरून, त्याच जहाजाच्या आठवणीनं.