‘डॅझल’ होतं ते कोण?

समोरच्या गाडीचे हेडलाइट ‘डॅझल’ करतात, अशी तक्रार तुमच्यापैकी अनेक जण करतात. गंमत म्हणजे हा इंग्रजी शब्द मुळात प्रकाशाचा नाहीच. ‘डेझ’ म्हणजे सुन्न होणं, आणि त्याचं मूळ जुन्या नॉर्स भाषेतल्या थकण्याच्या शब्दात आहे. त्यापासून पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘डॅझल’ आला. तेव्हा डॅझल व्हायचे ते डोळे, म्हणजे त्यांना अंधुक दिसायचं. दिव्यांकडे हा दोष नंतर गेला. (आपलं ‘दिपणं’ मात्र सरळ दिव्याच्याच घरातलं!)

१९१७ मध्ये ब्रिटिश चित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांनी जहाजांवर आडवेतिडवे, भडक पट्टे रंगवण्याची कल्पना मांडली. त्यालाही नाव पडलं ‘डॅझल’. जहाज लपत नसे, पण ते नेमकं कुठल्या दिशेला चाललंय याबाबत शत्रूच्या पाणबुडीने फसावं, हा हेतू.

मला डॉक्टर म्हणून पहिला अर्थ जवळचा वाटतो. रस्ता तोच, दिवे तसेच, तरी हल्ली जास्त त्रास होतोय? मग ही मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. डोळ्यातलं भिंग धूसर झालं की आत येणारा प्रकाश विखुरतो. दिवसा नीट वाचता येतं म्हणून थांबू नका, डोळे तपासून घ्या. तोवर रात्री गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.