कॅनडा : अटलांटिकपासून आर्क्टिकपर्यंत

क्षेत्रफळाच्या दृष्टीने रशियाच्या खालोखाल जगात दुसरा क्रमांक लागणारा कॅनडा भारताच्या तिपटीहून किंचित मोठा आहे. लोकसंख्या मात्र चार कोटींच्या घरात, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एक तृतीयांश. त्यातही बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेलगतच्या अरुंद पट्ट्यात एकवटलेली आहे. दहा प्रांत, तीन प्रदेश आणि सहा कालविभाग असलेल्या या देशाच्या पूर्व टोकावरील सेंट जॉन्स शहरापासून व्हँकुव्हर जेवढे दूर आहे, त्यापेक्षा लंडन जवळ पडते! त्यामुळे 'आठ दिवसांत कॅनडा' अशा जाहिरातींत प्रत्यक्षात टोरांटो, नायगारा आणि फार तर माँट्रियल एवढाच प्रवास असतो. देश खऱ्या अर्थाने पाहायचा असेल, तर त्याचा एखादाच भाग निवडणे शहाणपणाचे ठरते.

पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंड बेटाकडे भारतीय पर्यटक फारसे वळत नाहीत. सेंट जॉन्स येथील सिग्नल हिलवर १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला बिनतारी संदेश ग्रहण केला. बेटाच्या उत्तर टोकावरील लान्स ओ मेडोज येथे नॉर्स दर्यावर्दींच्या वसाहतीचे अवशेष १९६० च्या दशकात उत्खननातून उजेडात आले. तेथील लाकडाच्या कालमापनावरून नॉर्स लोक इ. स. १०२१ मध्ये या ठिकाणी होते, असे २०२१ मध्ये सिद्ध झाले. कोलंबसाच्या सफरीच्या पावणेपाचशे वर्षे आधी युरोपीय माणूस अमेरिका खंडावर झाडे तोडत होता, याचा हा पुरावा. या बेटाचे अवघे जीवन कॉड माशावर उभे होते. मासा संपत आल्याने १९९२ मध्ये सरकारने मासेमारीवर बंदी घातली आणि हजारो कुटुंबांचा रोजगार एका फटक्यात गेला. बंदी उठण्यास २०२४ साल उजाडले. किनाऱ्यावरील रंगीत लाकडी घरांची गावे देखणी आहेत. त्यातील अनेक दारे बंद का, हे मात्र माहितीपत्रकात छापलेले नसते.

तेथून नैऋत्येस फंडीच्या उपसागरात जगातील सर्वांत मोठी भरती-ओहोटी अनुभवास येते. काही ठिकाणी पाण्याच्या पातळीतील फरक १६ मीटरपर्यंत, म्हणजे पाच मजली इमारतीएवढा असतो. होपवेल रॉक्स येथे ओहोटीच्या वेळी समुद्रतळावरून चालत जावे आणि सहा तासांनी त्याच जागी नावेतून फिरावे, असा हा प्रकार आहे. भरतीचे वेळापत्रक पाहूनच जाणे आवश्यक.

क्युबेक प्रांतात शिरताच भाषा बदलते. तेथील राजभाषा केवळ फ्रेंच आहे. फ्रान्समध्ये रस्त्यावरील थांबण्याच्या फलकावर 'स्टॉप' लिहिलेले असते, क्युबेकमध्ये मात्र तेही अस्सल फ्रेंचमध्ये 'आरे'! भाषेच्या अस्मितेचा विषय महाराष्ट्राला नवा नसल्याने मराठी माणसाला हे वातावरण परके वाटू नये. सॅम्युएल द शांप्लँ याने १६०८ मध्ये वसविलेल्या क्युबेक शहराची तटबंदी आजही शाबूत आहे. मेक्सिकोच्या उत्तरेस असे तटबंद शहर दुसरे नाही. जुन्या शहराला १९८५ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

राजधानी ओटावातील संसदेची मुख्य इमारत जीर्णोद्धारासाठी २०१९ पासून बंद आहे. शहराचे खरे वैभव १८३२ मध्ये पूर्ण झालेला रिडो कालवा हे होय. हिवाळ्यात त्याचा ७.८ किलोमीटरचा भाग गोठतो आणि त्यावरून स्केटिंग करीत लोक कचेरीतही जातात. मात्र २०२२-२३ च्या हिवाळ्यात पुरेसा जाड बर्फच धरला नाही. त्यामुळे १९७० च्या दशकापासून चालत आलेला हा बर्फमार्ग प्रथमच संपूर्ण मोसम बंद राहिला. पुढच्या हिवाळ्यातही तो मोजकेच दिवस खुला झाला, २०२५ मध्ये थंडी पुन्हा चांगली पडली. केवळ स्केटिंगसाठी फेब्रुवारीचे तिकीट काढणाऱ्याने ही जोखीम लक्षात घ्यावी.

नायगाराविषयी इतके लिहिले गेले आहे, की नव्याने वर्णन करण्याची गरज नाही. टोरांटोपासून तो सुमारे १३० किलोमीटरवर असून, ५७ मीटर उंचीचा हॉर्सशू धबधबा कॅनडाच्या बाजूने अधिक चांगला दिसतो. एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. हा धबधबा चक्क कराराने वाहतो! वीजनिर्मितीसाठी नदीचे पाणी वळविण्याबाबत अमेरिका व कॅनडा यांच्यात १९५० मध्ये करार झाला. त्यानुसार पर्यटनाच्या मोसमात दिवसा किमान एक लाख क्युसेक पाणी धबधब्यावरून सोडावे लागते. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मे चालते. पावसाळ्यात कोयना-खडकवासल्याच्या विसर्गाच्या बातम्या वाचणाऱ्यांना या आकड्याचा अर्थ सांगावयास नको. टोरांटो परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती चांगली असून गणेशोत्सवही साजरा होतो. शाकाहारी भोजनाची चिंता या भागात तरी नाही.

ध्रुवीय अस्वले प्रत्यक्ष पाहण्यासाठी जगभरातील लोक हडसन उपसागराच्या काठावरील चर्चिल या छोट्या गावी येतात. तेथे रस्ता जात नाही. विनिपेगहून विमानाने किंवा जवळपास दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासाने पोहोचावे लागते. हा लोहमार्ग २०१७ च्या पुरात वाहून गेल्यावर गाव दीड वर्ष रेल्वेविना होते. अस्वलांचा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. उन्हाळाभर जवळजवळ उपाशी राहिलेली अस्वले उपसागर गोठण्याची वाट पाहत किनाऱ्यावर जमतात, कारण सील माशांची शिकार बर्फावरूनच करता येते. बर्फ उशिरा धरू लागला आणि लवकर वितळू लागला, तसा त्यांचा उपवास लांबत चालला आहे. पश्चिम हडसन उपसागरातील अस्वलांची संख्या २०१६ मध्ये ८४२ होती, ती २०२१ च्या गणनेत ६१८ पर्यंत घसरली. गावात मोकाट शिरणाऱ्या अस्वलांसाठी 'तुरुंग' आहे आणि कोणाला पळून आत शिरता यावे म्हणून मोटारींची दारे उघडी ठेवण्याची रीतही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आल्यास अस्वलांऐवजी नदीच्या मुखाशी पांढरे बेलुगा देवमासे मोठ्या संख्येने दिसतात. तो मोसम तुलनेने स्वस्तही पडतो.

पश्चिमेकडील रॉकी पर्वत हे कॅनडाचे सर्वांत लोकप्रिय आकर्षण. बान्फ हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान; त्याची सुरुवात १८८५ मध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीची जमीन राखून ठेवण्यापासून झाली. लेक लुईजपासून जॅस्परपर्यंतचा सुमारे २३० किलोमीटरचा 'आइसफील्ड्स पार्कवे' एका दिवसात उरकता येतो, पण उरकू नये. याच मार्गावर कोलंबिया हिमक्षेत्र आहे. त्याचे पाणी पॅसिफिक, आर्क्टिक आणि हडसन उपसागरामार्गे अटलांटिक अशा तीन महासागरांना मिळते. त्यातून उतरणारी अथाबास्का हिमनदी गेल्या सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून अधिक मागे सरली आहे. मोटारतळापासून हिमनदीकडे चढताना वाटेत सालांचे फलक लावलेले दिसतात. त्या त्या वर्षी बर्फाची कडा तेथे होती. दोन फलकांमधील उघडे खडक ओलांडताना वृद्ध पर्यटकांना आपल्या तरुणपणीचे साल मागे पडलेले दिसते.

या पार्कवेच्या उत्तर टोकावरील जॅस्पर गावाला जुलै २०२४ मध्ये वणव्याने गाठले आणि सुमारे एक तृतीयांश इमारती भस्मसात झाल्या. उद्यान खुले आहे, परंतु निवासाची सोय आधी निश्चित करूनच निघावे. निळ्याशार मोरेन सरोवरापर्यंत २०२३ पासून खासगी मोटारी नेता येत नाहीत. शटल बसचे आरक्षण लागते.

व्हँकुव्हरला समुद्र, डोंगर आणि शहराच्या कुशीतले स्टॅन्ली पार्कचे सुमारे ४०० हेक्टरचे अरण्य एकाच दिवशी पाहता येते. भारतीय माणसाने मात्र कोल हार्बरमधील कोमागाता मारू स्मारकापाशी थोडा वेळ थांबावे. मे १९१४ मध्ये ३७६ भारतीयांना घेऊन आलेली ही बोट दोन महिने बंदरात अडवून ठेवण्यात आली आणि मोजके प्रवासी वगळता सर्वांना परत धाडण्यात आले. मायदेशापासून 'सलग प्रवास' करून आलेल्यांनाच प्रवेश, असा तो नियम होता आणि भारतातून तसा प्रवास करण्याची सोय नव्हती. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१६ मध्ये संसदेत याबद्दल माफी मागितली.

उत्तरेकडील तीन प्रदेशांत जाण्याचे धाडस थोडेच करतात. युकॉनमधील डॉसन सिटी हे १८९६ मध्ये सोने सापडल्याने उभे राहिलेले गाव. यलोनाइफ ध्रुवीय प्रकाशासाठी प्रसिद्ध आहे. तो पाहण्यासाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर किंवा कडक थंडीचे महिने सोयीचे; हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांखाली जातो. याच शहरातील सुमारे २० हजार रहिवाशांना ऑगस्ट २०२३ मध्ये वणव्यामुळे घरे सोडावी लागली होती. इनुविकपासून आर्क्टिक महासागराच्या काठावरील टुक्टोयाक्टुकपर्यंतचा बारमाही रस्ता नोव्हेंबर २०१७ मध्ये खुला झाला. रस्ता पोहोचला, पण गोठलेली जमीन विरघळू लागल्याने गावाचा किनाराच समुद्र खात आहे. नुनावुटला आजही बाहेरून रस्ता नाही.

भारतीय नागरिकांना पर्यटक व्हिसा व बोटांचे ठसे आवश्यक असून, त्यास लागणारा कालावधी सतत बदलत असल्याने अर्ज काही महिने आधी करावा. सर्वसाधारण प्रवासासाठी जून ते सप्टेंबर हा काळ योग्य. वणव्यांचा मोसमही हाच असल्याने पश्चिमेकडे निघण्यापूर्वी धुराची व बंद रस्त्यांची ताजी स्थिती पाहावी आणि रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे.