पाच गावांचा एक पाळक

नगर जिल्हा म्हटलं की लोकांना सहकार आठवतो. प्रवरानगरचा कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, १९५०-५१ चा पहिला गळीत हंगाम. शाळेत आम्हीही हे शिकलो आणि त्याचा अभिमानही वाटला. पण कारखान्याचा शेअर घ्यायचा तर जमीन लागायची, जमिनीत ऊस लागायचा. आमच्या वस्तीतल्या बहुतेकांच्या हातात ऊस तोडायचा कोयता होता, ऊस नव्हता. तरी मिळून-मिसळून काही चालवायचं कसं, हे आमच्या लोकांना ठाऊक नव्हतं असं नाही. नेवासे तालुक्यातल्या आमच्या पाच गावच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून एक पाळक सांभाळला. ही हकीकत कुठल्या सहकाराच्या पुस्तकात येणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले १८३१ साली. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ मध्ये नगरलाच निघालं. पुढं मिशनचं काम खेड्यांत पसरलं आणि आमच्या भागात वडाळा बहिरोबा हे त्याचं मोठं ठाणं झालं. तिथले फेअरबँकसाहेब १८४६ ला हिंदुस्थानात आले ते जन्मभर इथलेच झाले. पक्ष्यांचा अभ्यासक म्हणूनही त्यांचं नाव आहे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची चाल मंडळीत आणली. राहुरीला तर रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई राहून गेले. आमच्या ‘उपासना संगीता’तली कितीतरी गीतं टिळकांचीच. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ती तोंडपाठ असायची.

ख्रिस्ती झाले ते मुख्यतः महार आणि मांग वाड्यांतले. एका गावात दहा घरं, दुसऱ्यात वीस. एवढ्याशा घरांना स्वतंत्र पाळक कुठला परवडायचा? मिशनचे पैसे होते तोवर शाळामास्तरच रविवारची उपासना चालवायचे आणि पाळक अधूनमधून यायचे. स्वातंत्र्यानंतर परदेशातून येणारी मदत हळूहळू आटत गेली. मिशनच्या शाळा एकेक करून बंद झाल्या. पाळकाचा पगार आता आपणच द्यायचा, असं ठरलं तेव्हा चार गावचे पंच थोरल्या गावच्या चर्चात बसले. माझे आजोबा आमच्या गावचे पंच होते.

त्यांनी बांधलेली व्यवस्था साधी होती. पाळकसाहेब राहणार थोरल्या गावात, कारण तिथं मिशनच्या वेळचं दोन खणांचं घर होतं. महिन्याचा एकेक रविवार एकेका गावाचा. त्या दिवशी साहेब सायकलवर येणार, प्रभुभोजन देणार, बाप्तिस्मा असेल तर तो करणार. बाकीचे रविवार ज्या-त्या गावानं आपले आपण चालवायचे. पंचांपैकी कोणीतरी शास्त्र वाचायचं, भजनं म्हणायची, प्रार्थना करायची. पगाराचा वाटा उंबऱ्यामागं ठरला. पैसा रोख कोणाकडंच नसायचा, म्हणून बायांनी मुठीचं धान्य सुरू केलं. दळायला घेताना ज्वारीची एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. महिन्याकाठी मडकी गोळा व्हायची, धान्य विकलं जायचं, पैसे वहीत मांडले जायचे. कापणीच्या सणाला भोपळे, कोंबड्या, अंडी, तुरीच्या शेंगा चर्चात यायच्या आणि उपासना उरकली की लिलाव व्हायचा. एकेक भोपळा तीनदा विकला जायचा, कारण घेणारा तो पुन्हा देवाला देऊन टाकायचा.

सामानही सामाईक होतं. पेटी एकच. ती लग्नाला, नाताळाला बैलगाडीतून या गावाहून त्या गावाला जायची आणि कोणाच्या पोरानं तिची पट्टी मोडली यावर वर्षभर भांडण चालायचं. प्रभुभोजनाचे पेले पत्र्याच्या ट्रंकेत असायचे. मयत झालं तर मात्र पाळी नव्हती. निरोप्या सायकल काढायचा, आणि ज्या गावात मयत त्या गावच्या माणसांनी खड्डा खणायचा नाही, शेजारच्या गावानं खणायचा, असा रिवाज पडला होता. आजोबा म्हणायचे, “घरच्याला रडू द्या. कुदळ आपण धरू.”

ज्या महिन्यात पाच रविवार येतील तो पाचवा रविवार सगळ्यांचा. वर्षातून चार-पाच वेळा तो यायचा. एकेका गावात पाळीनं सगळे जमायचे. यजमान गावानं कालवण करायचं, आलेल्यांनी भाकरी बांधून आणायच्या. सोयरिकी तिथंच जमायच्या, वहीही तिथंच सगळ्यांसमोर वाचली जायची. कोणाचा वाटा आला, कोणाचा राहिला, हे बायापोरांसुद्धा सगळे ऐकायचे.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आमच्याकडं त्याचा अर्थ फार जवळचा होता. ओढ्यापलीकडचं गाव एस.पी.जी. मिशनचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं. आम्ही अमेरिकन मिशनचे. ते गुडघे टेकून छापील प्रार्थना म्हणायचे, आम्ही उभे राहून मनातली करायचो. त्यांना बिशप, आम्हाला पंच. सोयरेधायरे एकच, पण रविवार वेगळा. आता कागदोपत्री दोघं एक झालो आणि ते गाव आमच्या पाळकाकडं आलं. प्रश्न उभा राहिला रविवारचा. महिन्याचे रविवार चार आणि गावं झाली पाच.

थोरल्या गावानं आपला सकाळचा रविवार सोडला. दुसऱ्या गावची उपासना करून साहेब परत येतील तेव्हा आम्ही कंदिलाच्या उजेडात संध्याकाळची करू, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांत जास्त उंबरे त्यांचे, सगळ्यांत जास्त वाटा त्यांचा. त्यांनी हट्ट धरला असता तर कोणी बोलू शकलं नसतं.

मग आला १९७२ चा दुष्काळ. ज्वारी नाही म्हणजे मूठही नाही. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला, बांध घालायला गेली. पोरं सुखडीवर जगली. ओढ्यापलीकडच्या गावाचा वाटा पाच-सहा महिने आला नाही. पाचव्या रविवारी वही वाचली गेली तेव्हा आमच्याच गावचा एक जण उठून म्हणाला, “नवे आले आणि बाकी ठेवून बसले. वाटा नाही तर त्यांचा रविवार आपल्यात वाटून घ्यावा.” मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. चर्चात एकदम गप्प झालं, एवढं मला चांगलं आठवतं. त्या गावची माणसं खाली मान घालून बसली होती.

आजोबांनी वही मागून घेतली. म्हणाले, “रविवार विकत मिळत असता तर आपल्यातल्या कोणालाच मिळाला नसता. मिशननं पगार दिला तेव्हा आपण कुठं वाटा भरत होतो?” मग त्यांनी बाकीचा आकडा चार गावांत पाऊस पडेपर्यंत वाटून टाकायला सांगितलं. पाळकसाहेबांनी उठून आपला पगार अर्धा घेतो म्हणून सांगितलं. ते दर आठवड्याला संध्याकाळी बांधाच्या कामावरच जायचे आणि पाचही गावच्या मजुरांची एकच उपासना घ्यायचे. पुढं पाऊस झाला, पीक आलं, आणि ओढ्यापलीकडच्या गावानं न मागता मागची बाकी पोत्यांनी आणून घातली.

अवघड गोष्टी याही होत्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. १९५६ नंतर आमचे कितीतरी भाऊबंद बौद्ध झाले. पोराच्या शिक्षणासाठी काही घरांनी दाखल्यावर एक लिहिलं आणि घरात दुसरं पाळलं. शहरात बसून याला खोटेपणा म्हणणं सोपं आहे. पाच गावच्या पंचांनी अशा एकाही घराचं नाव यादीतून काढलं नाही. त्यांच्या मयताला कुदळ गेलीच.

कॅथलिक मंडळींशीही असंच. हरेगावच्या मतमाउलीची यात्रा १९४९ पासून भरते. आजी म्हणायची, “आपल्यात मरियेला नवस करत नाहीत.” आणि दरवर्षी सप्टेंबरात शेजारणींबरोबर निघायची. विचारलं तर म्हणायची, “बाजार बघाया जाते.”

आता त्या पाच गावांतल्या दोन ठिकाणी चर्चाला कुलूप आहे. पोरं पुण्याला, पिंपरी-चिंचवडला गेली. पगार बँकेतून जातो, पाळकसाहेब मोटारसायकलवर येतात आणि त्यांच्याकडं पाचाची आठ गावं झाली आहेत. मुठीचं धान्य कोणी काढत नाही. पण भांडण आजही त्याच प्रश्नावर येतं. ज्या गावात तीनच म्हातारी माणसं उरली, त्यांच्यासाठी एक रविवार राखायचा की नाही? मागच्या बैठकीत एक तरुण पंच हिशेब मांडून म्हणाला की पेट्रोलही निघत नाही. हिशेब बरोबर होता. तरी तिघांचा रविवार राहिला, कारण जुनी वही अजून थोरल्या गावच्या कपाटात आहे आणि १९७२ चं पान कोणीतरी उघडून वाचलं.