आडनावानुसार नको

कुठलीही यादी समोर आली की माझा हात आधी आडनावानुसार क्रम लावायला जातो. नोकरीने लागलेली खोड. त्यामुळे वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाबद्दल वाचताना मी एका वादापाशी अडकले: भिंतीवर कोरायच्या ५७,९३९ नावांचा क्रम कसा लावायचा?

स्मारकामागे आहे जॅन स्क्रग्ज, पायदळातला एक साधा सैनिक. १९६९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो व्हिएतनाममध्ये जखमी झाला आणि बरा होऊन पुन्हा तुकडीत गेला. जानेवारी १९७० मध्ये दारूगोळ्याच्या ट्रकचा स्फोट झाला. त्याचे १२ सोबती एकदम गेले. परतल्यावर तो मानसशास्त्र शिकला, सरकारी नोकरीला लागला. मार्च १९७९ मध्ये त्याने ‘द डियर हंटर’ पाहिला आणि त्या रात्री ते बारा चेहरे त्याला झोपू देईनात. सकाळी त्याने बायकोला सांगितलं, मी स्मारक बांधणार, सगळ्यांची नावं असलेलं. वय २९. जवळपास माझंच. मी या वयात फार तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर केलाय.

त्याने पदरचे २,८०० डॉलर घातले. ४ जुलैपर्यंत देणग्या जमल्या १४४ डॉलर ५० सेंट. टीव्हीवर टिंगल झाली. पुढे लोकांनीच ८४ लाख डॉलर दिले. सरकारची फक्त जागा.

१,४२१ प्रवेशिकांतून माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा आराखडा निवडला गेला. काळी, जमिनीत उतरणारी भिंत. ना पुतळा, ना झेंडा. त्यावर उठलेला गदारोळ बराच लिहिला गेलाय (शेवटी तडजोड म्हणून तीन सैनिकांचा पुतळा जवळ आलाच). मला त्याहून मोठा वाटतो तो क्रमाचा प्रश्न. लिनला नावं मृत्यूच्या तारखेनुसार हवी होती. काही माजी सैनिकांचं म्हणणं, मग आईबापांना आपला मुलगा सापडायचा कसा? अडचण खरीच होती. पण संरक्षण खात्याची यादी उघडली तेव्हा त्यात स्मिथ सहाशेहून जास्त आणि जेम्स जोन्स १६ निघाले. आडनावानुसार लावली असती तर ती टेलिफोन डिरेक्टरी झाली असती. तारखेनुसार लावल्यामुळे एकाच दिवशी, एकाच स्फोटात गेलेले एकमेकांजवळ राहिले. स्क्रग्जचे सोबतीही. शोधणाऱ्यांसाठी जवळच छापील सूची ठेवली: नाव, फलक, ओळ. आमच्या भाषेत, इंडेक्स वेगळा ठेवला आणि मूळ डेटाला हात लावला नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये, लोकार्पणाआधी, स्वयंसेवकांनी नॅशनल कॅथीड्रलमध्ये ही सगळी नावं मोठ्याने वाचली. ५६ तास लागले.

भिंतीचा काळा ग्रॅनाइट बंगळूरहून गेलाय. मी याच शहरात नोकरी करते, आणि हे मला अमेरिकेतल्या भिंतीबद्दल वाचताना कळावं! घासून त्याला इतकी चकाकी आणली आहे, की वाचणाऱ्याचा चेहरा नावांवर पडतो.

प्रत्येक नावाशेजारी एक खूण आहे. पत्त्यांतल्या चौकटीसारखी असेल तर मृत्यू निश्चित, क्रूस असेल तर बेपत्ता. अवशेषांची ओळख पटली की क्रुसावर चौकट कोरतात. बेपत्ता माणूस जिवंत परतला, तर क्रुसाभोवती वर्तुळ काढायचं असं ठरलं होतं. २०१५ मध्ये स्क्रग्ज या कामातून निवृत्त झाला. वर्तुळ आजवर एकदाही कोरावं लागलेलं नाही.