कारचा खराब टायर बदलणे : रस्त्यावरचे काम आणि दुकानातले काम

कारचा टायर खराब झाला की दोन वेगळी कामे करावी लागतात. पहिले रस्त्यावरचे : हवा गेलेले चाक काढून त्या जागी स्टेपनी लावायची. दुसरे दुकानातले : तो टायर दुरुस्त होण्यासारखा आहे का ते ठरवायचे आणि नसेल तर नवा घ्यायचा. पहिले काम अर्ध्या तासात होते, पण जिवाला धोका त्यातच असतो. दुसऱ्या कामात वेळ हाताशी असतो, तरी पैसे बहुतेक तिथेच चुकतात.

आपण सगळे ज्याला स्टेपनी म्हणतो तो शब्द मुळात एका गल्लीचा आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचे. वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचे दुकान होते. त्यांनी १९०४ च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकावर बाहेरून अडकवता येईल अशी, हवा भरलेल्या टायरची रिम विकायला काढली. ब्रिटनमध्ये हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला. आपल्याकडे मात्र पंक्चरवाल्यापासून आरटीओच्या एजंटापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो टिकून आहे.

गाडी कुठे थांबवावी

टायर अचानक फुटला तर ब्रेक दाबण्याची इच्छा आवरावी लागते. जोरात ब्रेक मारला की गाडी फुटलेल्या बाजूला ओढली जाते आणि हातातून सुटते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आणि सरळ धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा, वेग उतरू द्यावा आणि मग इंडिकेटर देऊन डावीकडे यावे.

बसलेल्या टायरवर गाडी फार चालवू नये हे खरे, कारण हवा नसलेला टायर रिमखाली चिरडतो आणि दुरुस्त होणारे पंक्चर थोड्याच अंतरात टायर फेकून देण्यावर येते. पण वळणावर, पुलावर, चढाच्या माथ्यापलीकडे किंवा घाटातल्या अरुंद जागी थांबण्यापेक्षा तो टायर गेलेला बरा. पाच-दहाच्या वेगाने सपाट, कडक आणि लांबून दिसेल अशा जागी गाडी न्यावी. टायरची किंमत काही हजार रुपये असते, एवढे लक्षात असले की निर्णय सोपा होतो.

द्रुतगती मार्गांचे गणित वेगळे आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. म्हणजे मागून येणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर अंतर तोडते. अशा रस्त्यावर कडेच्या पट्ट्यात उजव्या बाजूचे चाक बदलायला बसणे म्हणजे वाहत्या रहदारीला पाठ करून बसणे. तिथे सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरावे, रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभे राहावे आणि मदत बोलवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक चालतो. कुठल्याही रस्त्यावर तातडीची गरज असेल तर ११२. आजी-आजोबा किंवा लहान मुले सोबत असली तरी त्यांना गाडीत बसवून ठेवू नये. ऊन-पाऊस सोसावा लागला तरी चालेल.

साध्या रस्त्यावर चारही इंडिकेटर चालू करून गाडीसोबत मिळालेला लाल त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर ठेवावा. वेगाच्या रस्त्यावर हे अंतर याच्या दुप्पट किंवा जास्त हवे. त्रिकोण नसेल तर झाडाची फांदी ठेवण्याची आपली जुनी पद्धत आहेच, पण रात्री ती दिसत नाही आणि निघताना उचलायची राहून जाते.

चाक बदलताना

हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी. ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगमध्ये. जे चाक बदलायचे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावावा, म्हणजे पुढचे डावे बदलायचे असेल तर मागच्या उजव्याला. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागची चाके धरतो. त्यामुळे मागचे चाक हवेत गेले की अर्धी पकड तिथेच संपते, हे विसरू नये.

यानंतरच्या क्रमात एक गोष्ट नवख्यांकडून हमखास उलटी होते. नट आधी सैल करायचे, जॅक नंतर लावायचा. चाक जमिनीवर टेकलेले असताना त्याला पकड असते. हवेत उचलल्यावर जोर लावला तर चाक फिरते आणि जॅकवरची गाडी हलते. प्रत्येक नट घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा सैल करावा, पूर्ण काढू नये. गॅरेजमध्ये हवेच्या बंदुकीने आवळलेले नट हाताने हलत नाहीत. अशा वेळी पाना आडवा बसवून त्याच्या टोकावर पायाने दाब द्यावा. उड्या मारू नयेत. पाना सटकला तर पाय मुरगळतो आणि नटाचे कोपरेही झिजतात. काही गाड्यांना चोरी टाळण्यासाठी एक नट वेगळ्या खाचेचा असतो. त्याची किल्ली पुढच्या कप्प्यात किंवा टूलकिटमध्ये असते. ती गॅरेजमध्येच राहून गेली असेल तर रस्त्यावर काही करता येत नाही, म्हणून सर्व्हिसिंगनंतर ती परत आली का ते पाहावे.

जॅक लावण्याची जागा दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, चाकाच्या जवळ, दोन खाचांनी दाखवलेली असते. दुसरीकडे कुठेही लावला तर पत्रा आत जातो किंवा जॅक निसटतो. जमीन मऊ असेल, आणि पावसाळ्यात रस्त्याची साइडपट्टी मऊच असते, तर जॅकखाली फळी किंवा सपाट दगड घ्यावा. सगळ्यांना आधी उतरवून मगच गाडी उचलावी. बसलेल्या टायरच्या मानाने हवा भरलेला टायर उंच असतो. त्यामुळे जुने चाक जमिनीवरून सुटल्यावर आणखी चार बोटे वर घ्यावे लागते. गाडी जॅकवर असताना तिच्या खाली डोके, हात किंवा पाय घालू नये. काढलेली स्टेपनी मधल्या वेळात जॅकजवळ पत्र्याखाली आडवी सरकवून ठेवली तर जॅक घसरलाच तरी गाडी तिच्यावर थांबते. नवे चाक लावताना तिच्या जागी जुने चाक सरकवावे.

नट निघाले तरी चाक निघत नाही, असा अनुभव कोकणात आणि समुद्रकाठच्या गावांत जास्त येतो. खाऱ्या हवेने रिम आणि हब गंजून एकमेकांना चिकटतात. गाडी जॅकवर असताना चाकाला लाथा घालणे सर्वांत धोक्याचे. त्याऐवजी नट पुन्हा दोन-दोन आटे बसवावेत, गाडी खाली घ्यावी आणि ती जमिनीवर असताना हाताने आजूबाजूला हलवावी किंवा टायरच्या बाजूला टाचेने दणका द्यावा. बहुतेकदा तेवढ्याने चाक सुटते. मग उरलेले काम पुन्हा जॅकवर.

स्टेपनी बसवल्यावर नटाची निमुळती बाजू आत ठेवून सगळे नट आधी हाताने फिरवावेत. आटा पहिल्यापासूनच अडत असेल तर नट तिरका लागला आहे. पान्याने जबरदस्ती न करता तो काढून परत लावावा. गाडी खाली घेऊन नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. शेजारचा, मग त्याच्या शेजारचा असे गोल फिरत गेले तर चाक एका बाजूला तिरके बसते. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासावेत.

स्टेपनी सगळ्यांची सारखी नसते

अलॉय व्हील असलेल्या अनेक गाड्यांत स्टेपनी लोखंडी आणि आकाराने लहान असते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती पंक्चरच्या दुकानापर्यंत पोचण्यापुरती असते, त्यावर गोव्याची सहल पुरी करायची नसते. फारच अरुंद तात्पुरत्या स्टेपनीत हवा ६० पीएसआयपर्यंत लागते, इतर चाकांच्या जवळपास दुप्पट. पंपावर हवा भरणाऱ्याला हे सांगितले नाही तर तो सवयीने ३२ भरतो.

काही नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची नाही, असा बदल केंद्र सरकारने २०२० मध्ये नियमांत केला. किटमधल्या द्रावणाने खिळ्याचे भोक बुजते, फाटलेली बाजू नाही. गाडी घेताना डिकीचा तळ उचलून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

दुरुस्ती की नवा टायर

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला आणि हवा टिकून असेल तर खिळा रस्त्यात उपटू नये. तोच बुचाचे काम करत असतो. हवा भरून हळूहळू दुकान गाठावे.

जमिनीला टेकणाऱ्या भागातले, साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचे भोक दुरुस्त होते. बाहेरून चिकट पट्टी खुपसणे हा पाच मिनिटांचा उपाय. टायर रिमवरून उतरवून आतून छत्रीच्या आकाराचा पॅच लावणे हा पक्का उपाय. टायर उतरवला की आतली बाजूही दिसते. बसलेल्या टायरवर गाडी चालली असेल तर आत काळी रबरी भुकटी सापडते. मग बाहेरून टायर कितीही चांगला दिसो, तो गेला.

टायरच्या बाजूच्या भिंतीला पडलेले भोक किंवा चीर दुरुस्त करायची नसते. तो भाग प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि पॅच तिथे टिकत नाही. फुग्याचेही तेच. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायर चेपला की आतले धागे तुटतात, आणि त्या जागी फक्त रबर हवेचा दाब धरून राहते. म्हणून तो भाग फुगतो. फुगा कधी खड्ड्यानंतर लगेच दिसतो, कधी काही दिवसांनी. ‘चालेल अजून महिनाभर’ असे सांगणारा भेटतोच. गावातल्या गावात चालेलही, पण वेगात असताना तो कधी फुटेल याला नेम नाही.

याच जोडीला एक गैरसमज : उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी. प्रत्यक्षात उलटे घडते. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त वाकतात, वाकण्याने तापतात, आणि लांबच्या वेगवान प्रवासात तापलेला टायर फुटतो. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेला दाब ठेवावा, गाडी भरलेली असेल तर भरलेल्या गाडीसाठीचा. तो टायर थंड असताना मोजावा.

नवा घेताना

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे काही लिहिलेले असते. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १५ हा रिमचा व्यास इंचांत. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो वजन पेलावे, आणि एच म्हणजे कमाल वेग ताशी २१०. शेवटचे दोन संकेत मूळ टायरपेक्षा कमी असलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. लंबगोलात चार अंक असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आयएसआयची खूण हवीच.

एकच टायर बदलावा की दोन? त्याच आसावरचा जोडीदार नुकता घेतलेला असेल तर एक पुरतो, मात्र माप आणि नक्षी तीच हवी. जोडीदार अर्धा झिजला असेल तर दोन्ही घ्यावेत. नक्षीच्या खाचांत झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आले म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, ती कारसाठी कायद्याची किमान मर्यादा. पण भर पावसात पाणी कापण्याची ताकद त्याच्या बरीच आधी ओसरते.

नवी जोडी बसवायची मागे. दुकानदारही यावर वाद घालतात, कारण बहुतेक गाड्यांचे इंजिन पुढची चाके फिरवते. पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातात नसते. नव्या टायरसोबत व्हॉल्व नवा घ्यावा आणि बॅलन्सिंग करून घ्यावे. खड्ड्यातल्या दणक्याने टायर गेला असेल तर अलाइनमेंटही.

विम्याचा आधार फारसा नाही. नेहमीच्या सर्वंकष पॉलिसीत नुसता टायर खराब झाला तर भरपाई मिळत नाही. अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मी मिळते. टायरसाठी वेगळे संरक्षण जादा हप्त्यात मिळते, त्यातही झिजलेला टायर बसत नाही. कंपनीची वॉरंटी साधारणपणे बनावटीतल्या दोषाला असते, खड्ड्याला नाही.

जुना टायर दुकानातच सोडावा, आणि फुगा आलेला असेल तर त्याची बाजू समोर कापून घ्यावी, म्हणजे तो सेकंडहँड म्हणून दुसऱ्याच्या गाडीला लागत नाही. घरी आणून गच्चीवर टाकलेल्या टायरमध्ये पावसाचे पाणी साचते, आणि डेंग्यूच्या डासाला अंडी घालायला तेवढे पुरते.