शोयू : जपानी आहारपरंपरेतील एका घटकाची ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :

जपानी खाद्यसंस्कृतीविषयीच्या लेखनात शोयू, म्हणजेच सोया सॉस, हा प्राचीन काळापासून अखंड चालत आलेला घटक मानला जातो. प्रस्तुत लेखात या धारणेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्याकडे हा पदार्थ चायनीज पदार्थांच्या गाड्यांमुळे परिचित झाला. तथापि विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी ज्या पिकाला सोयाबीन म्हणतो, त्या नावातील 'सोया' हा शब्दच मुळात 'शोयू'वरून डच व इंग्रजी भाषांत रूढ झाला. युरोपात दाण्यावरून रसाला नव्हे, तर रसावरून दाण्याला नाव मिळाले.

उगमाचा प्रश्न :

धान्य व मीठ आंबवून केलेला 'हिशिओ' हा लगदा चिनी परंपरेतून जपानमध्ये आला. इ. स. ७०१ च्या ताइहो संहितेनुसार राजदरबारात त्यासाठी स्वतंत्र अधिकारपद होते. १२५४ साली चीनहून परतलेल्या काकुशिन या झेन भिक्षूने किन्झानजी मिसोची कृती आणली आणि त्यातून पाझरणाऱ्या द्रवापासून किशू प्रांतातील युआसा येथे शोयू जन्मास आला, असे परंपरा सांगते. कथा मनोहर आहे. परंतु 'शोयू' हा शब्द आढळतो तो १५९७ च्या एका शब्दकोशात. मधल्या सुमारे साडेतीन शतकांचे अंतर इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

एदोची अभिरुची :

आज परिचित असलेला गडद 'कोइकुची' शोयू हा खऱ्या अर्थाने एदो, म्हणजे आजच्या टोकियो, या नगराचे अपत्य होय. आरंभी तेथे उत्तम प्रतीचा शोयू ओसाकाकडून जहाजाने येई. पुढे चोशी व नोदा येथील उत्पादकांनी कांतो मैदानातील सोयाबीन व गहू वापरून ही मक्तेदारी मोडली. चोशीतील यामासा या पेढीचा संस्थापक किशूहूनच तेथे गेला होता (१६४५). वाफवलेले सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू यांवर कोजी बुरशी वाढवायची, ते मिठाच्या पाण्यात मिसळून महिनोन्‌महिने मुरवायचे, मग गाळून तापवायचे, ही त्याची पद्धत. भाजलेल्या गव्हामुळे लाभणारा सुगंध नगरवासीयांना विशेष भावला. नदीमार्गे वाहतूक स्वस्त होती. १८२१ मध्ये एदोत खपलेल्या सुमारे साडेबारा लाख पिंपांपैकी ओसाकाकडील पिंपे जेमतेम वीस हजार होती.

या विपुलतेने ताटातील पदार्थही बदलले. कच्च्या मासळीसोबत पूर्वी 'इरिझाके', म्हणजे खारवलेले उमे फळ घालून आटवलेले तांदळाचे मद्य, घेत असत. त्याची जागा शोयूने घेतली. सोबाचा रस्सा, भाजलेली वाम, हाताने वळलेली सुशी हे सारे या शहरी बाजारातच रुजले. ज्याला आपण 'जपानी चव' म्हणतो ती बऱ्याच अंशी एका महानगराची चव आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पश्चिमेकडे मात्र तात्सुनोचा फिकट 'उसुकुची' टिकून राहिला. रंगाने फिका असला तरी तो अधिक खारट असतो (सुमारे १८ टक्के मीठ, कोइकुचीत सुमारे १६), हे अनेकांना ठाऊक नसते.

विसावे शतक :

नोदा येथील मोगी व ताकानाशी घराण्यांनी १९१७ मध्ये एकत्र येऊन संयुक्त कंपनी स्थापन केली. १९२७-२८ मध्ये तिच्या कामगारांनी सात महिन्यांहून अधिक काळ संप केला. परंपरेच्या गौरवगाथांत तो क्वचितच येतो. याहून मोठे संकट महायुद्धानंतर ओढवले. सोयाबीनचा तुटवडा होता आणि संथ किण्वनात प्रथिने वाया जातात, रासायनिक अमिनो आम्लद्रव अधिक किफायतशीर, असे अमेरिकी प्रशासनाचे मत होते. तेव्हा १९४८ मध्ये नोदाच्या तंत्रज्ञांनी सौम्य आम्लप्रक्रिया व कोजी यांची सांगड घालणारी पद्धत पुढे केली आणि तिचे एकस्व स्वतःपुरते न राखता ती सर्व उत्पादकांना खुली केली. रसायनाशी केलेल्या या तडजोडीमुळेच किण्वनाची परंपरा वाचली. कच्चा माल मुबलक झाल्यावर उत्पादक पुन्हा पूर्ण किण्वनाकडे वळले.

लाकडी पिंपांत मुरवलेला शोयू मात्र आज एकूण उत्पादनाच्या सुमारे एक टक्काच उरला आहे. अशी मोठी पिंपे घडवणारे कारागीर जवळपास नाहीसे झाले. त्यामुळे शोदोशिमा बेटावरील एका उत्पादकाने २०१२ च्या सुमारास सुतारांसह ही विद्या स्वतः शिकून घेतली. आता अन्य प्रांतांतील उत्पादकही पिंप बांधण्यासाठी हिवाळ्यात तेथे एकत्र येतात.