फटपूरक बंधक
जोडावयाच्या दोन भागांमधील फट किंवा छिद्रांचा चुकलेला मेळ सामावून घेणारी जोडणीची साधने. प्रत्येक भाग मापातील मान्य फरकाच्या आत असला, तरी अनेक भाग एकत्र येताच हे फरक साठत जातात व फट उरते. ती पातळ चकत्या [→ शिम] हाताने घालून भरता येते. मात्र ते वेळखाऊ आहे. म्हणून वापरल्या जाणाऱ्या स्वयंसमायोजी (फटीशी आपोआप जुळणाऱ्या) प्रकारात एका भागात बसविलेल्या बुशाला (पोकळ नळीला) बाहेरून डावे आटे असतात. उजव्या आट्यांचा बोल्ट फिरविताच आतील स्प्रिंगच्या घर्षणाने बुशही फिरतो, बाहेर सरकतो आणि समोरच्या भागाला टेकून थांबतो. मग बोल्ट एकटाच फिरून नटात आवळला जातो. त्यामुळे पत्रा फटीत ओढला जाऊन वाकत नाही. छिद्रे आडवी सरकलेली असल्यास पिंजऱ्यात किंचित हलणारा नट [→ नट व बोल्ट] वापरतात. मोटारगाड्यांच्या दिव्यांच्या जोडणीत स्वयंसमायोजी, तर विमानांच्या काढत्या झाकणांत हलणारे नट आढळतात.